कुणाची आठवण झाली

कात्रजच्या उतारावर रिक्षाचं इंजिन एकदम बंद झालं आणि अमृतचा उजवा हात आपोआप पुढं गेला. पुढं धरायला काहीच नव्हतं, तो जाऊन रिक्षावाल्याच्या पाठीला लागला. डाव्या हातानं त्यानं बाजूची दांडी घट्ट आवळली होती आणि डोळे रस्त्याच्या दोन्ही अंगांना सपाट जागा शोधत सुटले होते. रिक्षावाल्यानं आरशातनं पाहिलं. बंद पडली नाही साहेब, मीच बंद केली, असं त्यानं समजावून सांगितलं. उतार आहे, खाली पंपापर्यंत अशीच जाती, उगीच गॅस कशाला जाळा. अमृत म्हणाला, बरोबर आहे. पाठीमागं टेकून त्यानं हात मांडीवर एकात एक अडकवून ठेवले. रिक्षा घरंगळत राहिली. टायरांचा आवाज, कानाशी वारा, कुठंतरी सैल झालेल्या पत्र्याची खडखड. लोक त्याला विचारत, वर आकाशात विमानाचं इंजिन बंद पडल्यावर एकदम शांत झालं असेल नाही का हो? तो म्हणे, हो, एकदम शांत. लोकांना ते आवडायचं. खरं म्हणजे शांतबिंत काही होत नाही. इंजिनानं इतका वेळ झाकून ठेवलेले सगळे आवाज एकदम उघडे पडतात. वारा दाराच्या फटीतनं शीळ घालतो, कुठला तरी स्क्रू टकटक वाजतो, आपला श्वास आपल्यालाच ऐकू येतो, आणि तो ऐकायला दुसरं कुणी नसतं.

खाली पंपाशी रिक्षा चालू झाली आणि त्याच वेळी शेफालीचा फोन आला. उद्या रविवार, सकाळी सातला ती गाडी घेऊन त्याच्या सोसायटीच्या फाटकाशी येणार होती; नारळ तो आणणार का तिनं आणायचा, एवढंच तिला विचारायचं होतं. तो म्हणाला, मी आणतो. ती म्हणाली, नक्की ना बाबा, आता परत पुढं ढकलू नको, पाऊस पडला की ते रान नांगरतील आणि मग जागाच सापडायची नाही. तिचं खरं होतं. मार्चपासून त्यानं हे काम आज नको, उद्या नको करत मेअखेरीला आणून ठेवलं होतं. एकदा गाडी नाही म्हणाला, एकदा चौकशीची तारीख आहे म्हणाला, एकदा चक्क ताप आला म्हणून सांगितलं. अपघाताची चौकशी कधीच संपली होती. तेलाची नळी चिरली होती, वैमानिकाचा, म्हणजे अमृतचा, काही दोष नाही, उलट त्यानं विमान आणि जीव दोन्ही वाचवले असा निकाल लागला होता, तो जिथं विमान चालवायचा त्या संस्थेत पेढे वाटले होते. भीती त्याला विमानाची नव्हती. उद्या शेफाली विमान उतरलं त्या रानात उभी राहून त्याच्या नावानं नारळ फोडणार होती, आणि ज्या गोष्टीसाठी फोडणार होती ती गोष्ट घडलीच नव्हती. त्यानं ती बनवून सांगितली होती. खरं सांगावं तर तीन वर्षांनी परत आलेली लेक पुन्हा जाणार. न सांगावं तर आयुष्यभर तिच्याशी बोलताना हे मधे बसून राहणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

घडलं ते असं. दुरुस्तीला दिलेलं दोन माणसांचं जुनं विमान आणायला अमृत दक्षिणेला गेला होता आणि एकटाच ते घेऊन परत येत होता. मार्चमधली सकाळ होती, हवा धुरकट, खाली महाबळेश्वरची डोंगररांग मागं पडलेली. भोरचा मुलूख त्याच्या ओळखीचा. बाप भोरच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होता, बालपण तिथंच गेलं, सुट्टीत आत्याकडं हिर्डोशीला चालत जायचं, नाचणीच्या भाकरीनं दात काळे करून यायचं. आकाशातनं हा मुलूख बघायला त्याला आवडे, कारण वरनं तिथं कुणी हाक मारणारं नसतं आणि तरी सगळं ओळखीचं असतं. तेलाच्या दाबाचा काटा पडलेला त्यानं पाहिला तेव्हा आधी त्याला काट्याचाच संशय आला. मग सगळं विमान थंडीनं भरल्यासारखं हुडहुडलं, एक जोराचा हिसका बसला आणि समोरचं पातं उभंच्या उभं थांबलं. थांबलेलं पातं फार वाईट दिसतं. फिरत असतं तेव्हा दिसतच नाही, आणि थांबलं की डोळ्यांसमोर एक फळी, एवढी जाड, एवढी जवळ. अमृतनं नाक खाली केलं, वेग धरला, पुन्हा चालू करून पाहिलं, झालं नाही, रेडिओवर कुठं आहे ते सांगितलं. डावीकडं धरणाचं पाणी चमकत होतं. त्याच्या पलीकडं वेल्ह्याच्या बाजूचे डोंगर, राजगड, त्यामागं तोरणा, आणि त्यांच्यामधे नुसत्या घळी. तिकडं जाणं म्हणजे मरणाला पत्ता देणं. खाली भाताची खाचरं, हातभर उंचीचे बांध, एकही सरळ नाही. आणि त्यात एक लांबट रान दिसलं, कुणीतरी बांध काढून सलग केलेलं, हरभरा काढून मोकळं झालेलं. त्याच्या कडेला धूर होता. भाताच्या रोपासाठी जमीन भाजायला शेणपाला पेटवतात तो राबाचा धूर. तो पूर्वेला कलला होता. म्हणजे वारा पश्चिमेकडनं; तिकडं तोंड करून उतरलं की तो समोरनं येणार आणि विमान लवकर थांबणार. त्या धुराचा त्याला इतका आनंद झाला की तो मोठ्यानं हसला.

पुढं त्यानं पेट्रोल तोडलं, बटणं बंद केली, पट्टा आवळला, उतरताना अडकून बसू नये म्हणून दार आधीच उघडं केलं. रानाच्या कडेचं आंब्याचं झाड चाकाखालनं गेलं. चाकं टेकली, उडाली, पुन्हा टेकली, ढेकळं पंखांच्या पोटावर आपटली, पुढचं चाक पाण्याच्या पाटात गेलं आणि विमान नाक खाली घालून उभं राहिलं. झालं. अमृत बसून राहिला. जळलेल्या शेणाचा वास आत आला. टिटवी ओरडत होती, तिची अंडी जवळपास असावीत. आपण जिवंत आहोत हे त्याला कळलं, आणि त्याच्या मागोमाग आणखी एक गोष्ट कळली, ती त्याला नको होती. वर असताना, ती काही मिनिटं, त्याला कुणाचीच आठवण झाली नव्हती. लोक म्हणतात शेवटी सगळा जन्म डोळ्यांपुढनं जातो, आई दिसते, पोरं दिसतात, देव तरी आठवतो. त्याच्या डोळ्यांपुढनं हरभऱ्याचं रान गेलं. वारा, वेग, बांध, बटणं. नंतर त्यानं फार आठवून पाहिलं, एखादा चेहरा कुठंतरी कडेला असेल, घाईत दिसला नसेल. नव्हता. तिथं चांगली ऐसपैस जागा होती आणि ती रिकामी होती. माणूस इतका कोरडा असू शकतो, आणि तो माणूस आपण असू शकतो, याची त्याला त्या खुर्चीत बसल्या बसल्या लाज वाटली. मेलो असतो तर एकटाच मेलो असतो, आणि एकटा आहोत हे ध्यानातसुद्धा आलं नसतं.

राब भाजणारी बाई सगळ्यांत आधी पोचली. अंबूबाई तिचं नाव, रान तिचंच. सत्तरीची, एका गुडघ्यानं लंगडणारी, हातात अजून निखारे सारायची काठी. तिनं त्याला दंडाला धरून खाली उतरवलं, बांधावर बसवलं, फडक्यातली भाकरी सोडून तिचा तुकडा मोडला, त्याच्यावरनं ओवाळला, लांब फेकला आणि मग पाणी दिलं. तोवर वाडी गोळा झाली होती. तिचा पुतण्या गोरख मोबाईल वर धरून सगळं टिपत होता. पोलीसपाटलानं विचारलं, घरी कुणाला कळवायचं? अमृत म्हणाला, संस्थेत कळवलंय, बाकी कुणाला नको. ते अंबूबाईला पटलं नाही. ती त्याच्यापुढं उकिडवी बसली आणि तिनं सरळच विचारलं.

"वर आसताना कुनाची आटवन जाली रं बाबा?"

तो हातातलं पाणी पीत राहिला. तिला वाटलं, घाबरलंय, कळलं नाही. मग तिनं नीट फोड करून सांगितलं. मरणाच्या दारातनं माणूस माघारी येतं ते स्वतःच्या पायानं येत नाही. कुणीतरी ओढून आणतं. ज्याचं ध्यान झालं त्यानंच ओढलं, असं त्यांच्या वाडीत धरतात. जांभळीवरनं पडलेला तिचा दीर, पुरात वाहिलेली शेजारीण, सगळ्यांनी हे केलं होतं. ज्याची आठवण झाली त्या माणसाला जिथं जीव वाचला तिथं घेऊन यायचं आणि त्याच्या हातनं नारळ फोडायचा. नाहीतर भुई मागं लागते, म्हणाली, तिचं देणं ऱ्हातं. आता एवढी सगळी माणसं तोंडाकडं बघतायत, म्हातारी गुडघ्यावर हात ठेवून वाट बघतेय, तिथं कुणाचीच नाही झाली म्हणून कसं सांगायचं? अमृतनं त्यातही निवडच केली, जसं वरनं रान निवडलं तशी. आई गेलेली. माधुरीचं, बायकोचं, नाव घ्यायला तोंड नाही, ती वेगळी राहते. मित्र म्हणावा असा नाही. राहिलं कोण? "लेकीची झाली," तो म्हणाला. "शेफालीची." बायांच्या तोंडून एकदम हळहळ निघाली. अंबूबाईनं पदर डोळ्यांना लावला. गोरखनं ते सगळं टिपलं आणि तासाभरात ते भोर, पुणे, मुंबई, कुठंकुठं पोचलं.

दुसऱ्या दिवशी शेफालीचा फोन आला होता. तीन वर्षं तिनं त्याला फोन केला नव्हता, वाढदिवसाला त्यानं केला तर ती उचलायची नाही. ती म्हणाली, बाबा, कसा आहेस. तो म्हणाला, बरा आहे, काही लागलं नाही. ती म्हणाली, मी व्हिडिओ पाहिला. आणि ती रडायला लागली. त्या क्षणी सांगायला हवं होतं. पण तीन वर्षांनी लेकीचा आवाज ऐकणाऱ्या माणसाला कुणी विचारावं, की बाबा रे, खरं का नाही बोललास? पुढच्या रविवारी ती आली, डब्यात मटकीची उसळ घेऊन. त्याच्या स्वयंपाकघरात उभी राहून तिनं सगळे कप पुन्हा विसळले. मग दर रविवारी यायला लागली. जेवायची, टीव्ही बघायची, त्याच्या मानेचे व्यायाम घ्यायची. ती फिजिओथेरपी करते, तिची बोटं फार हुशार आहेत. आठवड्याचे बाकीचे दिवस अमृत रविवारची वाट बघायचा, आणि रविवारी ती समोर बसली की नजर चुकवायचा. तिची प्रत्येक गोष्ट त्याला चोरीची वाटे. ती उसळ, ते हसणं, ते जाताना जिन्यातनं वर बघणं, हे सगळं दुसऱ्याच एका बापाला मिळत होतं, ज्याला वर आकाशात लेक आठवली होती. तो बाप अमृतला भेटला असता तर अमृतला त्याचा हेवा वाटला असता.

माधुरीला मात्र संशय आला असणार. व्हिडिओ बघून तिनं फोन केला नाही, एक ओळ पाठवली, सुखरूप आहेस हे बरं झालं. ती त्याला ओळखून होती. शेफाली आठ वर्षांची असताना सिंहगड रस्त्यावर त्याची स्कूटर घसरली होती. पोरगी रस्त्यावर पडून किंचाळत होती, हात कोपरातनं भलतीकडं वळलेला, आणि अमृतनं आधी स्कूटर उचलली, पेट्रोल बंद केलं, कडेला नेऊन स्टँडवर लावली, आणि मग पोरीला उचललं. मागनं ट्रक येत होते, पेट्रोल सांडत होतं, त्याचं तर्कानं सगळं बरोबर होतं. डॉक्टरांनीसुद्धा म्हटलं, डोकं शांत ठेवलंत ते चांगलं केलंत. पण माधुरी मागच्या सीटवरनं पडली होती आणि तिनं त्याचं तोंड पाहिलं होतं. पुढं कितीतरी वर्षं, कुठलंही भांडण कुठूनही सुरू झालं तरी ते त्या स्टँडपाशी येऊन थांबायचं. तुला आधी स्टँड सुचतं अमृत, ती म्हणायची. काम हातात असलं की त्याला बरं वाटे. संकटात तर फारच बरं वाटे, कारण तेव्हा एकामागनं एक करायच्या गोष्टी असतात आणि त्या केल्या की माणसाला दुसरं काही वाटावं लागत नाही. संसारात असं नसतं. तिथं संध्याकाळी बायको नुसती समोर बसते आणि तिला काहीतरी हवं असतं, आणि ते कुठल्या बटणानं चालू होतं ते कुणी शिकवलेलं नसतं. तो विमानाकडं पळायचा. माधुरीनं खूप वर्षं वाट पाहिली, मग ती शेफालीला घेऊन गेली, आणि शेफालीनं आईची बाजू धरली यात काय नवल.

रविवारी सातला फाटकाशी गाडी लागली. अमृतनं नारळ पिशवीत घातला होता, उदबत्ती, काडेपेटी, हळदकुंकवाच्या पुड्या, सगळं आठवणीनं. शेफाली गाडी चालवत होती. तिला आवडतं, आणि त्याला शेजारी बसून कुणीतरी आपल्याला नेतंय हे बरं वाटत होतं. कात्रजचा बोगदा, खेड शिवापूरचा टोलनाका, डोंगर उन्हानं करपून पिवळे. ती तिच्या दवाखान्यातल्या एका आजोबांची गोष्ट सांगत होती, जे व्यायाम न करता फक्त गप्पा मारायला येतात आणि फी देऊन जातात. तो हसत होता आणि मनात वाक्य जुळवत होता. शेफू, एक सांगायचं होतं. नको. शेफू, तुला राग येईल. तेही नको. कापूरहोळला भोरकडं वळायचं, हा रस्ता त्याच्या पायाखालचा, पण ती वळली नाही आणि त्यानं सांगितलं नाही. पाटी गेली, वळण गेलं, तो बघत राहिला. गाडी किकवीला आली तेव्हा तिच्या लक्षात आलं. बाबा, अरे तू सांगायचंस ना, तुझा मुलूख हा! तो म्हणाला, लक्ष नव्हतं. जन्मभर नकाशे वाचून पोट भरलेला माणूस साधं वळण चुकतो, तेव्हा त्याला पोचायचं नसतं, दुसरं काय. किकवीत हमरस्त्याच्या कडेला त्यांनी चहा घेतला. एसटीची वाट बघत बायका टोपल्या घेऊन बसल्या होत्या. शेफाली त्याच्याकडं जरा निरखून बघत होती. तुला जायचं नाहीये का, तिनं विचारलं. तो म्हणाला, जायचंय. मग तिनं गाडी वळवली, आणि भोर गेलं, आंबवडे गेलं.

आंबवड्याच्या पुढं डांबर संपलं आणि वाडी आली. अंबूबाई ओट्यावर तयारच बसली होती, नवं लुगडं नेसून. गोरख कुणाच्या तरी लग्नाला गेला होता, वाडीत तिच्याशिवाय चारदोन म्हातारी माणसं. पोरं सगळी पुण्यात, तिची दोन्हीही. तिनं शेफालीच्या तोंडावरनं हात फिरवून बोटं मोडली. हीच व्हय ती, म्हणाली, बापाला वडून आननारी. शेफाली लाजली. अमृतनं दुसरीकडं बघितलं. रानाकडं जाताना म्हातारीचा पाय वाकडा पडत होता, ते बघून शेफालीनं तिला बांधावर बसवलं आणि तिथंच मातीत गुडघे टेकून तिचा गुडघा दोन्ही हातांत धरला. कुठं दुखतं, इथं का इथं, वर चढताना जास्त का उतरताना. अंबूबाई पहिल्यांदा संकोचली, मग डोळे मिटून बसली. कुणीतरी आपल्या पायाला हात लावून विचारतंय, याचंच तिला भरून आलं असावं. दोन व्यायाम दाखवून शेफाली उठली तेव्हा म्हातारी म्हणाली, माज्या पोरास्नी ह्यो गुडघा म्हाईतबी न्हाई. सहज म्हणाली, तक्रार नव्हती.

रान तसंच होतं. चाकांच्या चाकोऱ्या अजून दिसत होत्या, ढेकळं मोडून दोन ओळी उमटलेल्या, आणि त्या पाटापाशी येऊन थांबलेल्या. विमान कधीच सोडवून, ट्रकवर घालून नेलं होतं. पाटाच्या काठाला अंबूबाईनं एक दगड धुऊन, शेंदूर लावून ठेवला होता. शेफाली चाकोरीवरनं चालत चालत मागं आंब्यापर्यंत गेली, तिथनं वळून तिनं सगळ्या रानाकडं पाहिलं, आणि परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. एवढंच? ती म्हणाली. एवढ्याशा जागेत? अमृतनं मान हलवली. तिनं पायातल्या चपला काढल्या, पिशवीतनं नारळ घेतला, हळदकुंकू वाहिलं. उदबत्ती तिला पेटवता येईना, वारा होता. तिनं आडोसा धरला, काडी विझली, दुसरी काढली. तिची वाकलेली मान त्याला दिसत होती, आणि कोपराशी वळलेला तो हात, लहानपणी मोडलेला, अजून पुरता सरळ न होणारा. आता मात्र अमृतला राहवेना.

"शेफू, थांब," तो म्हणाला. "मला त्या वेळी तुझी आठवण झाली नव्हती. कुणाचीच झाली नव्हती."

तिसरी काडीही विझली. ती तशीच बसून राहिली, पाठमोरी. आईची पण नाही, तिनं विचारलं. नाही. आजीची? नाही. मग माझं नाव का घेतलंस? त्यानं सांगितलं, यांनी विचारलं म्हणून, दुसरं कुणाचं घेता येईना म्हणून. हे बोलताना आपण किती हलके दिसतोय ते त्याला कळत होतं, पण आता थांबण्यात अर्थ नव्हता. वर असताना त्याच्या डोक्यात वारा होता आणि बांध होते, तो म्हणाला, माणूस एकही नव्हतं, मी असाच आहे, तुझी आई म्हणते ते खरं आहे. अंबूबाई जरा लांब बांधावर बसली होती, तिला कमी ऐकू येतं. टिटवी नव्हती. शेफालीनं काडेपेटी बंद करून बाजूला ठेवली. ती आता उठून गाडीकडं चालायला लागेल, असं त्याला वाटलं. तिनं गाडीकडं पाहिलंही. मग ती बोलली, रागानं नाही, दवाखान्यात पेशंटला सांगत असेल तशा आवाजात.

"त्या दिवशी तुझ्या संस्थेचा फोन मी घेतला होता, बाबा. ते म्हणाले, विमान पडलंय, बाकी काही माहीत नाही. मी तेव्हा गच्चीत कपडे वाळत घालत होते. फोन ठेवला आणि उरलेले कपडे घातले. सगळे. चिमटे लावून. मग आईला हाक मारली."

अमृत दगडाला वळसा घालून तिच्यासमोर आला.

"तेवढा वेळ तू मेलेला होतास," ती म्हणाली, "आणि मी चिमटे लावत होते. मला काही वाटतच नव्हतं. मग तो व्हिडिओ आला. तुला माझी आठवण झाली म्हणून मी आले नाही. मला माझी लाज वाटली म्हणून आले."

दोघंही मग उगीच त्या चाकोऱ्यांकडं बघत राहिले. ऊन पाठीला लागत होतं. आपली लेक गच्चीत उभी आहे, ओला शर्ट झटकते, दांडीवर टाकते, एक चिमटा, दुसरा चिमटा, हे अमृतला अगदी स्पष्ट दिसलं. तिला तिथं किती एकटं वाटलं असेल, किंवा वाटायला हवं होतं आणि वाटलं नसेल, हे त्याच्याएवढं दुसऱ्या कुणाला कळणार होतं? माधुरीला नव्हतं कळणार. सगळ्या जगात ही एकच पोरगी त्याच्यासारखी होती, आणि कधीच देऊ नये असं हे काहीतरी त्यानंच तिला दिलं होतं. त्याला तिची फार कीव आली. तिला जवळ घ्यावं असं वाटलं, पण मधे शेंदराचा दगड होता आणि तिच्या हातात नारळ होता.

अंबूबाईला इतका वेळ का लागतोय ते कळेना. ती काठी टेकत जवळ आली. ऊन चढाया लागलं की, म्हणाली, बापलेकीचं बोलनं मागनं बी हुईल. उदबत्ती तिनं स्वतः पहिल्या काडीत पेटवली. शेफालीनं नारळ वर उचलला, तशी म्हातारीनं तिचा हात धरला.

"नुस्ता फोडू नगं. तोंडानं म्हनायचं. ह्यो मानूस माजा, म्या ह्याला मागून घेतला. मोट्यानं म्हन. भुईला ऐकू गेलं पायजे."

शेफालीनं एकदा अमृतकडं पाहिलं. तो म्हणणार होता, राहू दे शेफू, चल, जाऊ आपण. पण तेवढ्यात ती दगडाकडं वळली होती.

"हा माणूस माझा," ती म्हणाली आणि थांबली.

"फुडलं म्हन की, पोरी."

वाऱ्यानं उदबत्तीचा धूर शेफालीच्या तोंडावर येत होता, तरी तिनं मान वळवली नाही.

"मागायचं राहून गेलं," ती म्हणाली. "आता मागते."

अंबूबाईनं क्षणभर विचार केला. असं तिच्या वाडीत कुणी म्हटलं नव्हतं. मग तिनं शेफालीचा हात सोडला.

"चालतंय," ती म्हणाली. "भुई काय तारीख बगत न्हाई."

पहिल्या फटक्याला नारळ दगडावरनं निसटला आणि पाटात घरंगळला. शेफालीनं तो उचलला, ओढणीनं पुसला, वाकडा हात जाईल तेवढा वर नेला आणि पुन्हा आपटला. या वेळी फुटला, पाणी तिच्या पायांवर उडालं. अमृत समोर उभा होता. बंद करायचं, उघडायचं, निवडायचं, आवळायचं असं काही उरलं नव्हतं. दोन्ही हात नुसते लोंबत होते, आणि त्याला रडू आलं.